402 मीटर आणि डावा पाय

मुरुडकरांनो, पोस्ट जरा लांब आहे. गाडीवाल्या पोरांनी वाचाच, त्यांच्या बापांनीही वाचा.

रात्री उशिरा बार्शी रस्त्यावर दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात. हॉर्न वाजला की सुटतात. टायर किंचाळतात, व्हिडिओ निघतो, रील फिरते. टायर ओरडला म्हणजे गाडी जोरात सुटली, असं पोरांना वाटतं. उलट आहे राव! चाक जागेवर गरागरा फिरलं म्हणजे इंजिनाची ताकद धुरात गेली.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पाव मैल, 402 मीटर. त्यातलं बरंचसं पहिल्या वीस मीटरांतच ठरतं, आणि मॅन्युअल गाडीत तिथं डावा पाय राजा. रेस एका जागी धरायची, क्लच पकड घेतो तिथपर्यंत आणायचा, हिरवा दिवा लागला की सोडायचा. पण झटक्यानं नाही, चाक घसरायच्या काठावर राहील इतकाच. रेस कमी पडली तर गाडी गुदमरते, जास्त झाली तर चाक फिरतं. हाफ क्लचवर जास्त वेळ खेळलात तर जळका वास येतो, मग मेकॅनिकचं बिल येतं.

ज्यानं उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या चढावर जागेवरून उचलल्यात, त्याला हे शिकवायची गरज नाही. मीही ट्रॅक्टरवरच शिकलो. फरक एवढाच, की गाडी उचल घेते तेव्हा भार मागं जातो. ट्रॅक्टरची ताकद मागच्या चाकांना, म्हणून तो जमीन धरतो, तोंड वर करतो. आपल्या बहुतेक हॅचबॅकची ताकद पुढच्या चाकांना, आणि नेमका तिथलाच भार हलका होतो. आपल्या रांजणगावला बनलेली, 2015 ला आलेली अबार्थ पुंटो घ्या. 145 हॉर्सपॉवर, पाच गिअर, पण चाकं पुढचीच. अशी गाडी पाय दाबून नाही, पाय आवरून सुटते.

आता हे शिकायचं कुठं? रस्त्यावर समोरून बिनदिव्याची ट्रॉली येते. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली दहात सात अतिवेगानं.

अमेरिकेतली पोरंही रस्त्यावरच पळायची. 1950 मध्ये कॅलिफोर्नियात सांता आना विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती सुरू झाल्या, पुढच्या वर्षी वॉली पार्क्स यांनी नियमांसाठी संघटना काढली. लांब कशाला, लोणावळ्याकडं ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ होतेच की. आणि आपल्या चिंचोलीराववाडीच्या विमानतळावर नियमित प्रवासी विमान कुठं येतंय?

‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणणारे म्हणतील. बैलगाडा शर्यतीलाही लोक काय काय म्हणाले. 2014 ला बंदी आली, 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली, 2023 ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. बैलांसाठी नियम लिहिता आले, तर पोरांसाठी का नाही?

जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज लिहितोय. वर्षातून एक रविवार धावपट्टी, हेल्मेट सक्तीचं, गाडीची तपासणी, जागेवर ॲम्ब्युलन्स, एफएमएससीआयच्या नियमानं. सही करणाऱ्यांनी कमेंटमध्ये गाव लिहा. लायसन्स नसलेल्यांनी आधी ते काढा, मग सही.