तळ गरम, माथा गार
२०२२ च्या हिवाळ्यात मी जर्मनीतील एका धर्मग्रामात सेवेस होतो. युक्रेन युद्धामुळे गॅसचे दर कडाडले होते. एक वृद्ध विधवा आजी अंगातला कोट न काढता स्वयंपाकघरातच बसत. दोन महिने मी त्यांच्या घरी कम्युनियन नेत होतो. परंतु कोट का, हे विचारण्याचे मला सुचले नव्हते! विचारले तेव्हा म्हणाल्या, “फादर, बैठकीतला रेडिएटर म्हातारा झालाय, माझ्यासारखाच.”

वसईत वाढलेल्या मला त्यातले काय कळणार? हात लावून पाहिला: तळ गरम, माथा गार. आमच्या चर्चच्या सेवकाने खिशातून लहानशी किल्ली काढली. रेडिएटर निवू दिला, वरच्या कोपऱ्यातील झडप किंचित फिरवली. फुस्स करीत अडकलेली हवा सुटली, मागोमाग काळपट पाणी आले. हवा वर साचली की गरम पाणी तिथवर पोहोचत नाही, दुखणे एवढेच. समोरचा सोफा आणि लोंबणारा जाड पडदाही आम्ही सारला. झडपेचा आकडा ५ वर नेल्याने खोली लवकर तापत नाही; ३ म्हणजे सुमारे २० अंश, तेवढे पुरे, असे सेवकाने आम्हा दोघांनाही बजावले.

पुढच्या भेटीत कॉफी बैठकीत मिळाली. कोट खुंटीवर होता. भिंतीवर आजींच्या दिवंगत पतीची तसबीर होती. मी ती प्रथमच पाहत होतो.