भूक वेगळी, जस्त वेगळं

गेला आठवडाभर मी भेटेल त्याला गाठून ‘पेअर फीडिंग’ समजावून सांगतोय. घरचे आता मला टाळायला लागलेत. पण काय करू, हे इतकं भन्नाट आहे!

जस्ताशिवाय उंदीर वाढत नाही, हे १९३४ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला सिद्ध झालं. मेख पुढे आहे. आहारातून जस्त काढलं की काही दिवसांतच उंदराची अन्नावरची वासना उडते. दोन दिवस खातो, मग तोंड फिरवतो, पुन्हा खातो. मग त्याच्या मूत्रपिंडात एखादं जनुक थंडावलेलं दिसलं, तर ते कशामुळे? जस्त नाही म्हणून, की पोटच रिकामं म्हणून?

यावरची युक्ती म्हणजे दुसरा उंदीर, हेच ते पेअर फीडिंग. त्याच्या अन्नात जस्त व्यवस्थित, पण पहिल्याने काल जेवढं खाल्लं तेवढंच आज याला, तेही काट्यावर तोलून. पहिल्याने अन्न टाकलं की याला फुकटचा उपास! तिसरा मात्र पोटभर जेवणारा. पहिल्या-दुसऱ्यातला फरक जस्ताचा, दुसऱ्या-तिसऱ्यातला भुकेचा. पिंजरेसुद्धा स्टेनलेस स्टीलचे हवेत, कारण जस्ताचा मुलामा दिलेली जाळी उंदीर चाटतो आणि प्रयोगाचे बारा वाजतात.

आता मेटॅलोथायोनीन घ्या. हे प्रथिन पहिल्यांदा सापडलं ते घोड्याच्या मूत्रपिंडात, १९५७ मध्ये. एक रेणू जस्ताचे सात अणू धरून ठेवतो. त्याच्या जनुकाचं बटण खुद्द जस्तच दाबतं! पेशीत जस्त वाढलं की एक पहारेकरी प्रथिन ते उचलतं, केंद्रकात शिरतं आणि जनुक चालू करतं. आहारात जस्त घटलं की उंदराच्या मूत्रपिंडात या जनुकाचा संदेश, म्हणजे आरएनए, कमी होतो. आणि नुसत्या उपासाने? यकृतात तेच जनुक उलट चढतं! दोन कारणं, दोन उलट्या दिशा. दुसरा उंदीर नसता, तर कुणी काय निष्कर्ष काढले असते, देव जाणे.

मॅग्नेशियमची गोष्ट वेगळी. ते कमी पडलं की मूत्रपिंड मुळीच थंडावत नाही, उलट लघवीतून निसटणारं मॅग्नेशियम परत खेचणाऱ्या ‘टीआरपीएम ६’ या वाहिनीचं जनुक जोरात चालवतं. हे जनुक बिघडलेल्या बाळांना तान्हेपणीच झटके येतात, असं २००२ मध्ये कळलं.

आणि एवढं सगळं करूनही घोळ उरतोच. पहिला उंदीर अधूनमधून कुरतडत बसतो, तर भुकेलेला दुसरा आपला वाटा पुढ्यात येताच फस्त करतो आणि उरलेला वेळ उपाशी. उपाशी मूत्रपिंड स्वतः साखर बनवायला लागतं, म्हणजे त्याची जनुकं पुन्हा वेगळीच! उपाय एकच, त्याला थोडं थोडं, वारंवार वाढायचं. त्यातून उंदीर पडला निशाचर. तेव्हा रात्री दोनला उठून त्याचं पान कोण वाढणार, हे प्रयोगशाळेत आधीच ठरवून ठेवलेलं बरं.