राहुरी ते नगर : एका खुर्चीचा प्रवास

माझा थोरला आतेभाऊ राहुरी तालुक्यात आमच्याच वस्तीत राहतो. उसाच्या भरल्या ट्रॉलीवरून पडून त्याच्या मणक्याला मार लागला. तेव्हापासून कमरेखाली ना हालचाल, ना जाणीव. घरी आल्यावर सहा महिन्यांनी एका कार्यक्रमात त्याला व्हीलचेअर मिळाली. हार घातला, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. खुर्ची घरी आली आणि दारातच अडली.

दाराची मोकळी रुंदी भरली पंचवीस इंच, आणि खुर्ची चाकासकट सव्वीस इंच. म्हणजे दादाला उचलून उंबऱ्याबाहेर आणायचे, खुर्चीत ठेवायचे आणि संध्याकाळी पुन्हा उचलून आत न्यायचे. वहिनी एकट्या. पोरगा शाळेत. मी ऑफिसात. चार दिवस कौतुक झाले, मग खुर्चीवर धुतलेले कपडे वाळू लागले.

तरीही सुटीच्या दिवशी आम्ही त्याला बसवत होतो. खुर्ची रुंद असल्याने तो एका अंगाला कलायचा. दुखले असते तर ओरडला असता. पण जाणीवच नाही, तर दुखणार काय? वहिनींना एक दिवस पायजम्याला डाग दिसला. कुल्ल्याच्या हाडावर जखम झाली होती. ती भरायला दोन महिने लागले, त्यातले बरेच दिवस पालथे पडून. तेव्हा दादा म्हणाला, "आरं, ही खुर्ची माझी नाय. हिच्यात दोन माणसं बसतील."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसले. आपण पोराला शाळेचा बूट घेतो तेव्हा पाय मोजतो. ज्या वस्तूवर माणूस दिवसभर बसणार, तिचे माप मात्र कोणी घेतले नव्हते. मीही नाही, आणि मी तर सामाजिक कामात मिरवणारा माणूस!

जखम भरल्यावर आम्ही नगरला निघालो. सन २०२४ पासून जिल्ह्याचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडी अजून नगरच. एसटीत अपंगांना तिकिटात सवलत आहे, पण तिकीट कमी झाले म्हणून गाडीच्या पायऱ्या कमी होत नाहीत. म्हणून ओळखीच्या टेम्पोवाल्याला विनंती केली. घरापासून डांबरी रस्ता दोनशे पावले, पण ती दोनशे पावले काळ्या मातीची. आदल्या रात्री पाऊस झाला होता. खुर्चीची पुढची छोटी कडक चाके चिखलात रुतली. ढकलले की आणखी रुतायची. शेवटी टेम्पोवाल्याने खुर्ची उलटी फिरवली, जरा मागे झुकवून पुढची चाके उचलली आणि मोठ्या चाकांवर मागे मागे ओढत नेली. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. चिखलात, वाळूत, उंबऱ्यावर चढताना खुर्ची उलटी ओढावी. तीव्र उतारावरून उतरवतानाही माणसाची पाठ उताराकडे असावी, नाहीतर तो पुढे तोंडावर पडतो.

कृषी विद्यापीठ मागे पडले, देहरे गेले आणि विळद घाट आला. तिथे विखे पाटील फाउंडेशनचे रुग्णालय आणि फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. एका ताईंनी दादाला कडक बाकावर ताठ बसवले. दोन्ही अंगांना मांडीला टेकवून एकेक वही उभी धरली आणि दोन वह्यांमधले अंतर टेपने मोजले. चौदा इंच. खुर्चीची बैठक होती अठरा इंचाची! त्यांनी लिहून दिले, बैठक पंधरा इंच. अशा खुर्चीची चाकासकट रुंदी साधारण तेवीस इंच होते, म्हणजे आमच्या दारातून ती जाणार होती.

मग आणखी मापे झाली. पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतची लांबी घेतली आणि त्यातून दोन इंच वजा करून बैठकीची खोली काढली. बैठक लांब असली तर माणूस पुढे घसरतो. गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंतचे माप पायातल्या चपलेसह घेतले. त्यावरून पाय ठेवायच्या पट्टीची उंची ठरते. पट्टी फार वर असली तर सगळा भार ढुंगणाच्या हाडांवर येतो, फार खाली असली तर पाय लोंबकळतात.

गादीबद्दल ताईंनी निक्षून सांगितले. घडी घातलेली गोधडी थोड्या वेळात दबून पत्र्यासारखी होते. चांगल्या फोमची, हाडांखाली न दबणारी गादी हवी. शिवाय दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचे, किंवा पुढे आणि बाजूला झुकायचे. सकाळ-संध्याकाळ आरशात कातडी पाहायची. लाल डाग दिसला आणि तो लवकर गेला नाही, तर त्या जागेवर बसणे बंद. वहिनी म्हणाल्या, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते."

काम लवकर आटोपले. दादा म्हणाला, "एवढं आलोय तर नगर दाखव." पडल्यापासून त्याने दवाखान्याशिवाय नगर पाहिले नव्हते. अहमद निजामशहाने वसवलेले हे शहर. किल्लाही भुईकोट. सन १९४२ पासून पंडित नेहरू, मौलाना आझाद वगैरे नेते जिथे कैदेत होते तो. बाहेरून तो दाखवत आम्ही टेम्पो पुढे काढला आणि लष्कराच्या रणगाडा संग्रहालयात गेलो. हे संग्रहालय सन १९९४ मध्ये सुरू झाले. मोकळ्या जागेत देशोदेशीचे रणगाडे मांडलेले आहेत.

दादा एका रणगाड्याजवळ बराच वेळ थांबला. त्याच्या रुंद पट्ट्याकडे बघत म्हणाला, "एवढं धूड चिखलात रुतत नसंल?" मी सांगितले, पट्टा रुंद असल्याने वजन पसरते. तो हसला आणि आपल्या खुर्चीच्या पुढच्या चाकांकडे बोट दाखवून म्हणाला, "आन् माझी ही बोटाएवढी चाकं!"

बीकॉमला मी हिशेब शिकलो, पण हा हिशेब त्या दिवशी समजला. खुर्ची माणसाच्या मापाची हवी तशीच ती वाटेच्या मापाची हवी. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोल्यात चढण, पाथर्डी-जामखेडकडे खडकाळ माळ, राहुरी-नेवाशाला काळी माती. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर चालणारी खुर्ची या सगळीकडे कशी चालेल? खेड्यात पुढची चाके मोठी आणि रुंद हवीत, मागची हवा भरायची असावीत. पंक्चर झाले तर गावातला सायकलवाला काढून देतो. ज्याच्या हातात जोर आहे आणि ज्याला तोल सांभाळून बसता येते, त्याला बाहेरच्या लांब वाटेला हाताने फिरवायची तीनचाकी सायकल बरी. पण ती घरात फिरत नाही. घरात खुर्ची आणि बाहेर सायकल, अशी दोन वेगळी कामे आहेत. मागची चाकेही लहान असलेली खुर्ची स्वस्त दिसते, पण ती बसणाऱ्याला स्वतः चालवता येत नाही. दुसऱ्याच्या हाताची वाट बघत बसावे लागते.

पैशाचे म्हणाल तर केंद्र सरकारची एडिप योजना आहे. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला, यूडीआयडी कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. साधने बहुतेक कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याची असतात. मात्र एकदा साधन घेतले की त्याच कामासाठी पुन्हा साधारण तीन वर्षे मिळत नाही. म्हणून शिबिरात घाईने सही करू नका. आधी बसून बघा, ब्रेक लावून बघा, मापाचा कागद पुढे करा. "आमचे माप वेगळे आहे" म्हणण्यात उपकार नाकारल्याचा अपमान नाही. सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हा हक्काचा विषय झाला आहे. ग्रामपंचायतीनेही आपल्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून ते विचारा.

दादाची नवी खुर्ची यायला आठ महिने लागले. तोवर जुन्या खुर्चीत दोन्ही अंगांना फोम लावलेल्या फळ्या बसवून आम्ही रुंदी कमी केली. त्यामुळे कलणे थांबले. आता तो दाराच्या चौकटीला हात धरून स्वतःला ओढत बाहेर येतो.

एक गोष्ट मात्र राहिली होती. वस्तीतल्या समाजमंदिराला तीन पायऱ्या आहेत. बैठक असली की दादा खाली अंगणात आणि आम्ही वर. इतकी वर्षे ते मला कधी खटकले नव्हते. पायऱ्यांची एकूण उंची अठरा इंच. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हा उताराचा हिशेब, म्हणजे अठरा फूट लांब उतार हवा. समोर जागा नव्हती, म्हणून भिंतीच्या कडेने वळवला. वर खुर्ची फिरवायला सपाट ओटा ठेवला. विटा-सिमेंटला वर्गणी काढली, मुरूम पोरांनी टाकला, गवंड्याने दोन दिवस मजुरी घेतली नाही.

उतार वाळल्यावर पहिली बैठक झाली. दादाला ढकलायला चार पोरे धावली. त्याने हात वर करून थांबवले. दोनदा थांबला, दम घेतला आणि स्वतः चाके फिरवत वर आला. आत येऊन पहिल्यांदा त्याने माझ्याकडे हिशेबाची वही मागितली आणि उताराच्या खर्चात सिमेंटची एक गोणी जास्त लिहिली गेली आहे, हे दाखवून दिले.

वाचकहो, तुमच्या वस्तीतही असा कोणी घरात बसून असेल. त्याच्याकडे टेप घेऊन जा. आधी माणूस मोजा, मग दार, मग वाट. खुर्ची त्यानंतर.