ओवाळणीत मिळालेली मॅच

मैत्रिणींनो, भाऊबिजेला तुमचा भाऊ ओवाळणीत काय घालतो? साडी, नाहीतर पाकीट, फार तर एखादं भांडं. आमच्या एका मैत्रिणीने २०२२ सालच्या भाऊबिजेला भावाकडे फुटबॉलच्या मॅचची तिकिटं मागितली. एक नाही, चांगली चार! आणि मॅच कुठे, तर नवी मुंबईत, म्हणजे आमच्या आमगावपासून जवळजवळ हजार किलोमीटर दूर.

आमगाव कुठे आलं, असं तुमच्यापैकी बऱ्याचजणी विचारतील. गोंदियाहून हावड्याकडे जायला निघालात की आधी गुदमा लागतं आणि मग आमगाव. पुढे सालेकसा, दरेकशाचं जंगल आणि मग लगेच छत्तीसगड. आम्ही शाळेत होतो तेव्हा पत्त्यावर ‘जिल्हा भंडारा’ लिहायचो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. जवळच पदमपूर आहे. संस्कृत नाटककार भवभूती तिथलाच, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गावातल्या कॉलेजलाही त्याचंच नाव आहे. बाकी सगळं धानाचं. दिवाळीत गेलात तर हलकं धान कापून झालेलं आणि भारी धान पिवळंजर्द उभं दिसेल. भाऊबिजेपासून गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार नि नाटकं. लेकीबाळी माहेरी येतात त्या मंडईच्या ओढीनेच.

आम्ही चौघी एका वर्गातल्या. एक शाळेतून निवृत्त झालेली बाई, एक नर्स, एक मी, आणि चौथी ती ओवाळणीवाली. तिला सगळे ‘बाई’ म्हणतात, म्हणून इथेही बाईच म्हणते. १९७७ साली आम्ही दहावीत होतो. मुलींना लंगडी आणि खो-खो, मुलांना फुटबॉल, असा सरळ हिशेब. बाईने मात्र तो मोडला होता. संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर मुलांत गडी कमी पडला की ही परकराचा काचा मारून उभी राहायची. अनवाणी पायाने असा फटका मारायची की चेंडू थेट बांधीत! त्याच सप्टेंबरात कलकत्त्याला पेले आला. मोहन बागानशी त्याच्या संघाची मॅच दोन-दोन बरोबरीत सुटली. त्याआधी आठवडाभर बाईचा एकच धोशा, “गोंदियाला मेलमध्ये बसायचं, का हावडा! त्यात का आहे वं?” आम्ही हसायचो. गाडी रोज डोळ्यांसमोरून जायची, पण तिच्यात बसणं आमच्या हातात थोडंच होतं!

मग एक दिवस तिच्या मोठ्या भावाने घरी सांगितलं, की बाई पोरांत खेळते. वडिलांनी मारलं नाही, पण संध्याकाळी बाहेर जाणं बंद झालं. दहावी झाल्यावर वर्षभरात लग्न. यावर ती कधी बोलली नाही. भावाशी अबोला नाही, भांडण नाही. दरवर्षी ओवाळायला येते, दोन दिवस राहते, जाते. आम्हीच काय ते आठवण ठेवून होतो.

त्या वर्षी ग्रहणामुळे पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला आली. सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक तेव्हा आपल्या देशात चालू होता आणि नेमक्या त्याच दिवशी मडगावला उपांत्य सामने होते. बाईची नात मोबाईल घेऊन बसली होती. कोलंबियाने पेनल्टीवर नायजेरियाला हरवलं, रात्री स्पेनने शेवटच्या मिनिटाला जर्मनीला. फराळाची ताटं तशीच, आणि बाई मोबाईलमध्ये डोकं घालून! निरांजन लावून भावाला ओवाळलं, त्याने पाकीट काढलं, तर म्हणाली, “पैसे नको भाऊ. रविवारची फायनल दाखव. आम्ही चौघी जाऊ.” भाऊ सत्तरीचा. पाकीट हातात धरून बसला. मग एवढंच म्हणाला, “बरं.” रात्री नातीकडून तिकिटं काढून घेतली, पैसे मोजून दिले.

दिवाळीच्या गर्दीत रेल्वेचं रिझर्वेशन मिळणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. तत्काळमध्ये चार बर्थ मिळाले, तेही दोन डब्यांत. शनिवारी दुपारी गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस पकडली. नागपूर जाईपर्यंत सोबतच्या माणसांना चिवडा खाऊ घालून आम्ही चौघी एका डब्यात आलो. पहाटे ठाण्याला उतरलो आणि तिथून लोकलने नेरूळ. नर्सबाईंचा मुलगा तिथे नोकरीला आहे, त्यामुळे आंघोळ-जेवणाची सोय झाली.

एक सांगून ठेवते. स्टेडियममध्ये बाहेरचं खायचं नेता येत नाही. आम्हाला काय ठाऊक! चकल्या आणि अनारशांचे दोन डबे घेऊन दारात उभ्या. टाकून द्यायचं तर जिवावर आलेलं. शेवटी रांगेतल्या पोरापोरींना वाटले, दहा मिनिटांत डबे रिकामे. तेव्हा घरूनच पोटभर जेवून निघा, पायात चपलेऐवजी बूट घाला आणि गुडघे दुखत असतील तर पायऱ्या सावकाश चढा.

डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली झालं. छप्पर असं पेललंय की मध्ये एकही खांब आड येत नाही. आम्ही वर बसलो होतो तरी सगळं मैदान ताटासारखं समोर. आधी तिसऱ्या क्रमांकाची मॅच झाली. नायजेरियाच्या मुलींनी तीन गोल केले, जर्मनीच्या मुलींनी तिन्ही फेडले, आणि पेनल्टीवर पुन्हा नायजेरियाच जिंकली. ऑफसाइड काय ते निवृत्त बाईंना काही केल्या कळेना. मी सांगितलं, पंगत मांडायच्या आधीच जाऊन पाटावर बसायचं, म्हणजे ऑफसाइड. मग त्या प्रत्येक वेळी “बसली गं पाटावर!” म्हणून ओरडायला लागल्या. पुढच्या रांगेतली मुलंही तसंच ओरडू लागली.

आपल्या मुली त्याआधीच बाहेर पडल्या होत्या. भुवनेश्वरला अमेरिकेकडून आठ गोल, मोरोक्कोकडून तीन, ब्राझीलकडून पाच. एकूण सोळा खाल्ले, केला एकही नाही. मागे बसलेला कोणी त्यावरून टिंगल करत होता. बाई वळून म्हणाली, “कप्तान पोरगी गुमल्याची आहे बापा, अष्टम उराँव. झारखंडच्या खेड्यातून तिथपर्यंत पोचली. तू कुठपर्यंत पोचला?” तो गप्प झाला.

रात्री आठला फायनल सुरू झाली. खरं सांगते, मला मॅच फारशी कळली नाही. मी बाईकडेच बघत होते. स्पेनची मुलगी कडेने चेंडू घेऊन निघाली की हिचा उजवा पाय खुर्चीखाली हलायचा. मध्यंतरापर्यंत गोल नाही, त्यानंतरही बराच वेळ नाही. ८२व्या मिनिटाला स्पेनचा गोल झाला आणि सगळं स्टेडियम उठलं. पडद्यावर पाहिलं तेव्हा कळलं, चेंडू कोलंबियाच्याच मुलीच्या पायाला लागून आत गेला होता. आम्ही टाळ्या वाजवत होतो, बाई खाली बसली. स्पेन एक-शून्यने जिंकलं, लागोपाठ दुसऱ्यांदा. आतषबाजी झाली, चषक दिला. ती शेवटपर्यंत खुर्चीतच होती.

सोमवारी संध्याकाळची गाडी धरून मंगळवारी सकाळी गोंदिया, तिथून आमगाव. स्टेशनवर भाऊ मोटारसायकल घेऊन आलेला. या वयात मोटारसायकल चालवतो म्हणून वहिनी नेहमी ओरडते, ते वेगळंच.

“का झालं वं?” त्याने विचारलं.

“स्पेन जिंकलं. एक-शून्य. पण गोल त्या दुसऱ्या पोरीनं आपल्याच जाळीत मारला.”

भाऊने पिशवी घेतली, हँडलला अडकवली. किक मारायला पाय उचलला आणि तसाच थांबला.

“तिले कोणी रागावलं तं नाही ना?”

“एवढ्या वरून का दिसते, भाऊ?” म्हणून बाई मागे बसली, आणि आम्ही तिघी रिक्षा शोधायला निघालो.