आधी पारख, मग दुरुस्ती

संयुक्त कुटुंबात सात आसनांची गाडी म्हणजे घराचाच एक भाग. श्रीक्षेत्र बाहुबलीचे दर्शन, कोकणातील लग्नकार्य, आईचा दवाखाना, सारे तिच्यावरच अवलंबून. भरल्या गाडीने करूळ घाट चढून कोल्हापुरास परतल्यावर आमच्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर उशिरा पडू लागला. इंजिनाचा आवाज वाढे, वेग मात्र वाढत नसे. एके ठिकाणी संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळाला.

मालाची पारख झाल्यावाचून सौदा करू नये, ही आपल्या पेढ्यांची जुनी शिकवण. उद्यमनगरातील एका जाणत्या कारागिराने प्रथम तेल पाहिले. अशा गिअरबॉक्समध्ये तेल केवळ वंगण नसते. इंजिनाची शक्ती तेच पुढे पोहोचविते, त्याच्याच दाबाने क्लच पकडतात आणि उष्णताही तेच वाहून नेते. चढावर पूर्ण भाराने ते फार तापते. आमचे तेल काळपट झाले होते, जळकट वास येत होता. परंतु त्यात धातूचा कीस नव्हता. स्कॅनरनेही मोठा दोष दाखविला नाही. उत्पादकाने नेमून दिलेल्या प्रतीचे तेल भरले, फिल्टर बदलला, ठरावीक तापमानास पातळी तपासली. गिअर पूर्ववत पडू लागले.

यत्नाचार केवळ चालण्या-बोलण्यापुरता नाही. यंत्र वापरतानाही तो हवा. म्हणूनच काढलेले तेल गटारातून पंचगंगेत जाऊ न देता पुनर्प्रक्रियेसाठी दिले. त्या पाण्यातही जीव आहेत.