वरच्या वर

कोळशाच्या पट्ट्यात, विदर्भात माझं लहानपण गेलं. उन्हाळ्यात आजी गच्चीवर कुरड्या घालायची आणि दुपारपर्यंत वरच्या फडक्यावर काळपट थर बसायचा. ती कुरकुरली की बाबा म्हणायचे, "ही धूळ ट्रकांची आहे, आई. थर्मलचा धूर वरच्या वर जातो."

'वरच्या वर' म्हणजे कुठे, हे मला फार उशिरा, आणि पार दूरच्या देशांबद्दल वाचताना कळलं. १९५२च्या डिसेंबरात लंडनमध्ये धुरक्याने हजारो माणसं दगावली. १९५६मध्ये कायदा झाला. पुढे वीजकेंद्रं शहराबाहेर गेली, चिमण्या उंच झाल्या. लंडनचं आकाश निवळलं. तिकडे नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांतले मासे आम्लपावसाने मरू लागले. हा आम्लपाऊस परदेशच्या धुराचा आहे, असं स्वांते ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९६७मध्ये मांडलं. त्यानंतर बारा वर्षांनी, ऐन शीतयुद्धात, पूर्व आणि पश्चिम युरोपातल्या देशांनी जिनिव्हात सीमापार प्रदूषणाच्या करारावर सह्या केल्या. ज्यांचं एकमेकांशी कशावरच जमत नव्हतं त्यांचं हवेवर जमलं, ही गोष्ट मला आजही धीर देते.

आपल्याकडे, दक्षिण आशियात, सीमापार प्रदूषणावर १९९८चा माले जाहीरनामा आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, सगळे त्यात आहेत. पण कुणी किती धूर कमी करायचा, याचं बंधन त्यात नाही.

७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या गंधकवायूवर मर्यादा घातली. पाचच दिवसांनी पॅरिसचा हवामान करार झाला. कर्बवायू आणि गंधकवायू एकाच चिमणीतून निघतात. पहिल्याचा हिशेब आपण जगापुढे मांडतो, २०७०पर्यंत तो निव्वळ शून्यावर आणायचा शब्दही दिला आहे. दुसऱ्याची मुदत मात्र पुन्हापुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५मध्ये बहुतेक केंद्रांना त्या मर्यादेतून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं, हे खरं. पण आपण कोळसा जाळतोही डोंगराएवढा, आणि त्या वायूचे हवेत सूक्ष्म कण होऊन ते शेकडो किलोमीटर जातात. सूट द्यायची का हे ठरवताना, केंद्राच्या दहा किलोमीटरांत मोठं किंवा प्रदूषित शहर आहे का, एवढंच नियम पाहतो. सूट हवी असेल तर अट एकच: २०२९अखेर चिमणीची उंची नियमाप्रमाणे हवी. पाचशे मेगावॅटच्या संचाला ती २७५ मीटर. धूर लांब जावा म्हणूनच इतकी उंच बांधायची, आणि मोजायचं ते बुंध्यापासून दहा किलोमीटर! मला हे पटत नाही. लाहोरची हवा दिल्लीत येते तेव्हा आपल्याला सीमा आठवते. आपली हवा ढाक्याकडे सरकते तेव्हाही आठवायला हवी.

आजी संध्याकाळी ते फडकं झटकायची, पण आधी वारा कुणीकडचा आहे ते बघायची. पलीकडच्या गच्चीवरही कुरड्या वाळत असायच्या.