गाडगं की ह्युमिडिफायर?

सांगलीत ह्युमिडिफायर घ्यायचाय, हे ऐकून मी आधी हसलोच. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर ज्या गावात लोक भिंतीतली ओल घालवता घालवता मेटाकुटीला आले, तिथे माझा भाचा खोलीत ओल आणायचं यंत्र शोधत होता. "मामा, तीन लिंक पाठवल्यात. त्यातला कुठला घेऊ सांग," एवढाच निरोप. यंत्र हवं होतं ते त्याच्या बॉल पायथनसाठी.

(नातेवाईक मंडळींसाठी आधीच सांगून टाकतो. नाग, धामण, आपला अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. भाच्याचा साप मूळ आफ्रिकेतल्या जातीचा. अशा परदेशी प्राण्यांचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, ती त्याने केली आहे. आणि "शेतात सोडून दे" हा ताईचा सल्ला अजिबात चालणार नाही. परका प्राणी इथल्या रानात सोडायचा नसतो.)

तर झालं असं की एप्रिलमध्ये सापाने कात टाकली ती तुकड्यातुकड्यांनी. साप धडधाकट असेल आणि हवेत पुरेसा दमटपणा असेल तर कात मोजा उलटा करावा तशी अख्खी निघते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. या वेळी उजव्या डोळ्यावरचा तसाच राहिला. पुढच्या वेळीही राहिला तर थरावर थर साचतात आणि डोळा जायची वेळ येते. चिमट्याने काढायला गेलं तर खालचा डोळाच फाटायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं की हात लावू नका, हवा सुधारा.

मग मी त्या तीन लिंक उघडल्या. दोन यंत्रं अल्ट्रासोनिक होती, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणारी. यांची गोम अशी की पाण्यातले क्षारही तुषारांबरोबर उडतात. बोअरचं जड पाणी घातलं की दोन दिवसांत सगळ्या सामानावर पांढरी भुकटी. तिसरं होतं ओल्या जाळीतून हवा फिरवणारं. ते भुकटी उडवत नाही, पण मग आपला वाळ्याचा कूलर तरी वेगळं काय करतो? शिवाय तो हवा गारही करतो, आणि या सापाला खोक्याची एक बाजू ३१-३२ अंशांवर लागते.

आणि मुख्य अडचण म्हणजे त्याच खोलीत भाच्याची आजी झोपते. तिला दमा आहे. सापाला कात टाकताना ६०-७० टक्के आर्द्रता बरी, पण अख्खी खोली तशी ठेवली तर चार महिन्यांत भिंतीला बुरशी. म्हणजे सापाचा डोळा की आजीची छाती, असा हा मामला होता.

इथे मला वाटतं आपण माहितीपत्रकं वाचताना एक गोष्ट विसरतो. बॉल पायथन जिथे राहतो तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा गवताळ मुलूख वर्षातले कित्येक महिने चांगलाच कोरडा असतो. साप टिकतो कारण दिवसा तो उंदरांच्या बिळात, वारुळात असतो, आणि तिथे आतली हवा दमट राहते. म्हणजे सापाला दमट मुलूख नको, दमट बीळ हवं. त्यात कधी शिरायचं ते त्याचं तो ठरवतो.

हे फोनवर समजावत होतो तर मागून आजींचा आवाज, "मग गाडगं आण की."

आजींचं माहेर बत्तीस शिराळ्याचं. तिथे नागपंचमीच्या आधी नाग धरून आणायचे, गाडग्यात ठेवायचे, तोंडाला फडकं बांधायचे आणि सणानंतर पुन्हा रानात सोडायचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ते थांबलं. २०२५ मध्ये केंद्राने २१ नाग पकडायला परवानगी दिली, तीही फक्त अभ्यासासाठी, पूजा-मिरवणुकीसाठी नाही. नागाला दिवसेंदिवस फडक्याखाली कोंडणं मला पटत नाही, ते बंद झालं ते चांगलंच. पण भाजलेल्या मातीचं भांडं पाणी धरतं आणि हळूहळू सोडतं, हे आजींचं म्हणणं खोटं कसं म्हणणार?

मग कुंभाराकडून एक रुंद तोंडाचं, बिनझिलईचं गाडगं आणलं. काठ घासून गुळगुळीत केला. ते आडवं करून खोक्याच्या उबदार बाजूला ठेवलं (गार बाजूला ठेवलं तर बाष्पीभवनाने आणखी गार पडतं) आणि आत पिळून काढलेलं ओलं मॉस. बाकीची जमीन कोरडी. खाली सतत ओल राहिली तर सापाच्या पोटाचे खवले कुजतात. दमट वेगळं आणि ओलं वेगळं.

पैसे खर्च केले ते यंत्राऐवजी दोन हायग्रोमीटरवर. स्वस्तातले हे काटे बिनदिक्कत खोटं बोलतात, म्हणून तपासून घ्यायचे. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंबभर पाणी, मीठ चिखलासारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. ते आणि काटा एका घट्ट डब्यात सात-आठ तास. आकडा ७५ आला पाहिजे. आमचा एक ६८ दाखवत होता, त्यावर भाच्याने पेनने "+७" लिहून ठेवलंय :)

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात साप दुधाळ डोळ्यांनी गाडग्यात शिरला तो चार दिवस बाहेरच आला नाही. पाचव्या दिवशी कात मिळाली, अख्खी. भाच्याने ती पाण्यात पसरून डोळ्यांच्या जागा बघितल्या. उजवीकडे दोन खवले होते, एकावर एक चिकटलेले.

आता पावसाळ्यात काही करावं लागत नाही. डिसेंबरचं मात्र बघावं लागेल. २० अंशांची ६० टक्के आर्द्रतेची हवा ३० पर्यंत तापवली की काटा ३३ वर येतो, पाणी तेवढंच असलं तरी. तेव्हा मॉस दिवसातून दोनदा भिजवावं लागेल बहुतेक. ते काम आजींनी आपणहून मागून घेतलंय. ताई अजून त्या खोलीत पाय ठेवत नाही.